आगोटीआधीचा रिस्टोअर: कोकणातल्या कारखान्यासाठी व्हीएम बॅकअपची नव्याने मांडणी

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. पाणी ओसरल्यावर एका गिऱ्हाइकाच्या ऑफिसात गेलो, तर सर्व्हर गाळात आणि त्याच्या डोक्यावर ठेवलेली बॅकअपची डिस्कही गाळात. रोज रात्री अकराला बॅकअप होत असे आणि दोन वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता. त्याची नोंद ठेवणारा लॉगही त्याच सर्व्हरवर होता. शेवटी कामाला आली ती हिशेबनिसाच्या बॅगेत राहिलेली एप्रिलमधली टॅलीची प्रत आणि सीएकडे भरलेली विवरणपत्रं. एप्रिल ते जुलै पुन्हा हाताने भरावे लागले.

तेव्हापासून मी कामाची सुरुवात उलट्या टोकाने करतो. बॅकअप कुठे घ्यायचा हे नंतर ठरतं. आधी ठरतं ते असं, की कारखान्यातलं सगळं यंत्र गेलं तर दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या जागी, कोण, किती तासांत काम उभं करणार? बॅकअपवरून काम असं परत उभं करणं म्हणजे रिस्टोअर, आणि त्याची तालीम आगोटीला, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीच्या दिवसांत. खालची सगळी मांडणी या प्रश्नाला धरून आहे. ती अशा धंद्यासाठी आहे जिथे एक-दोन सर्व्हर आहेत, त्यावर तीन ते दहा व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने उभी केलेली वेगवेगळी यंत्रं) चालतात आणि पगारावर आयटीचा माणूस नाही. काजू फॅक्टरी, आंब्याचं कॅनिंग, मासळी प्रक्रिया, बारा खोल्यांचं हॉटेल, पतसंस्था. उदाहरणं व्हीएम चालवणाऱ्या प्रॉक्समॉक्स या सॉफ्टवेअरची देतोय, कारण मी तेच वापरतो. हायपर-व्ही किंवा व्हीएमवेअर असेल तर बटणांची नावं बदलतील, रीत तीच.

जुनी पद्धत कुठे अडते

आपल्याकडे बॅकअप म्हणजे बहुतेक ठिकाणी टॅलीचं फोल्डर पेन ड्राइव्हवर. ते वाईट नाही, पण फोल्डर म्हणजे चालतं यंत्र नव्हे. विंडोज, वापरकर्त्यांची नावं-परवानग्या, प्रिंटरच्या जोडण्या, वजनकाट्याचं सॉफ्टवेअर, त्याच्या डेटाबेसची पोर्ट सेटिंग हे सगळं नव्याने बसवायला तीन दिवस जातात, तेही ज्याने पहिल्यांदा बसवलं तो माणूस फोन उचलत असेल तर.

व्हीएमचा मोठा फायदा इथेच आहे. अख्खं यंत्र म्हणजे शेवटी डिस्कची एक फाइल आणि थोडी सेटिंग. त्यामुळे बॅकअप आतून फाइल-फाइल घ्यायचा नाही, बाहेरून, हायपरव्हायजरच्या, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या बाजूने पूर्ण यंत्राचा घ्यायचा. पहिल्यांदा सगळी डिस्क वाचली जाते, पुढच्या वेळी फक्त बदललेले तुकडे. व्हीएमवेअरमध्ये बदल टिपण्याची ही सोय २००९ पासून आहे, हायपर-व्हीमध्ये विंडोज सर्व्हर २०१६ पासून, आणि प्रॉक्समॉक्स ते काम डर्टी बिटमॅपने, म्हणजे बदललेल्या तुकड्यांवर खूण करणाऱ्या यादीने करतं. हा बिटमॅप चालत्या व्हीएमच्या मेमरीत असतो. व्हीएम बंद झाली की तो पुसला जातो आणि पुढचा बॅकअप पुन्हा सगळी डिस्क वाचत बसतो. पाठवतो मात्र बदललेलंच. जिथे लाईट दिवसातून दोनदा जाते तिथे ‘आज बॅकअपला एवढा वेळ का लागला’ याचं उत्तर बहुधा हे असतं.

दोन गैरसमज लगेच दूर करतो. रेड, म्हणजे एकच माहिती एकाच वेळी दोन डिस्कवर लिहिण्याची सोय, म्हणजे बॅकअप नव्हे. एक डिस्क मेली तर रेड वाचवते, पण चुकून पुसलेली फाइल रेड दोन्ही डिस्कवरून तितक्याच निष्ठेने पुसते. आणि स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमची त्या क्षणाची गोठवलेली स्थिती, हाही बॅकअप नव्हे. अपडेट टाकण्याआधी घ्यावा, दोन दिवसांत काढून टाकावा. महिनोन्‌महिने ठेवलेला स्नॅपशॉट फुगत जातो आणि एके दिवशी साठवणुकीची जागा संपवून सगळ्याच व्हीएम थांबवतो. तो मूळ डिस्कच्याच आधारावर उभा असतो, त्यामुळे डिस्क गेली की तोही गेला.

मालकाला विचारायचे दोन प्रश्न

आरपीओ (किती वेळाचं काम गेलेलं चालेल) आणि आरटीओ (किती वेळात परत उभं राहायला हवं) हे शब्द मालकासमोर काढू नका. मी कॅनिंगवाल्याला असं विचारतो: मे महिन्यातला शनिवार आहे, दुपारचे चार वाजलेत, गेटवर आंब्याच्या गाड्यांची रांग आहे आणि सर्व्हर गेला. आजच्या किती काटा-पावत्या परत हाताने लिहायची तयारी आहे? आणि रांग किती वेळ थांबवू शकता?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘एक तासाच्या’ असेल, तर वजनकाट्याच्या व्हीएमचा बॅकअप दर तासाला हवा, रात्री एकदा घेऊन भागणार नाही. दुसऱ्याचं ‘दोन तास’ असेल, तर परत उभं करण्याचं यंत्र आवारातच हवं. क्लाउडवरून दोन तासांत काही येत नाही, हिशेब खाली आहे. याच मालकाला ऑगस्टमध्ये विचारा, तो म्हणेल दोन दिवस चालेल. म्हणून वेळापत्रक हंगामाप्रमाणे बदला: काजू-आंब्याला मार्च ते जून दाट, नंतर विरळ. मासळीवाल्यांचं उलट. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे कामाला निवांतपणा, पण हवामान सर्वांत वाईट. त्यांना नवीन यंत्रणा मे महिन्यातच बसवायला सांगतो.

प्रत्येक व्हीएमसमोर ही दोन उत्तरं, तिचा आकार आणि ‘कोणाच्या आधी कोण’ हा क्रम लिहा. डोमेन कंट्रोलर (सगळ्यांची लॉगिन तपासणारा सर्व्हर) आधी, डेटाबेस मग, त्यावर चालणारा प्रोग्रॅम शेवटी. हा कागद एका पानात मावतो. आणि कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग या यादीत घालू नका. सगळी जागा तेच खातं आणि परत कोणीच मागत नाही.

लाइनचा हिशेब

समजा सगळ्या व्हीएम मिळून १.२ टीबी भरलेली जागा आहे आणि रोज २५ जीबी बदलतं. कारखान्याची फायबर लाइन ५० एमबीपीएसची, वर चढवायला खरोखर मिळतात ४०.

रोजचे २५ जीबी: ८ ने गुणून ४० ने भागलं की ५,००० सेकंद, म्हणजे दीड तासाच्या आत. रात्रीत आरामात होतं. पहिली पूर्ण प्रत मात्र २,४०,००० सेकंद, पावणेतीन दिवस. आणि पुराच्या दुसऱ्या दिवशी तेवढंच सगळं खाली उतरवायचं झालं तर पुन्हा पावणेतीन दिवस, तेही लाइन जिवंत असेल तर. दाबून आणि सारखे तुकडे वगळून आकडा कमी होतो, पण नियोजन मोठ्या आकड्यावर करा. उलट, गिगाबिट केबलवरून आवारातल्या बॅकअप सर्व्हरकडून हीच १.२ टीबी साधारण तीन तासांत येते.

म्हणून पहिली पूर्ण प्रत लाइनवरून पाठवू नका. दुसऱ्या जागी ठेवायचा सर्व्हर आधी कारखान्यात आणा, केबलवर भरा, मग गाडीत घालून न्या. परत आणतानाही तेच. महामार्गाच्या कामात जेसीबीने केबल तोडली की ‘आज संध्याकाळपर्यंत होईल’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं आहे.

प्रती कुठे ठेवायच्या

तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक बाहेर: ३-२-१ चा नियम सगळ्यांना पाठ आहे. कोकणात ‘बाहेर’ या शब्दावर थांबावं लागतं.

बाजारपेठेतल्या दुकानाची दुसरी प्रत दोन गल्ल्या पलीकडे मालकाच्या घरी ठेवली तर पाण्याला दोन्ही सारखीच. मी नकाशावर नदी बघतो. चिपळूणला वाशिष्ठी, महाडला सावित्री. २६ जुलै २००५ च्या पावसातही ही दोन्ही गावं बुडाली होती, त्यामुळे २०२१ ला ‘कधी नव्हे ते’ म्हणण्याची सोय नाही. बाहेरची पहिली प्रत सड्यावर हवी, म्हणजे नदीपासून उंच, कातळावर. हिशेबनिसाचं घर सड्यावर असेल तर ते उत्तम डेटा सेंटर आहे.

पुढचा विचार येतो घाटावरचा. रत्नागिरीहून कोल्हापूर जवळ, नातेवाईक तिथे, तिथे ठेवू. ठेवा, पण २०२१ च्या जुलैत त्याच आठवड्यात पंचगंगाही पात्राबाहेर होती आणि महामार्ग बंद होता. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेला पाऊस दोन्ही बाजूंना उतरतो. तेव्हा कोल्हापुरातसुद्धा तिसऱ्या मजल्यावर, नाहीतर सरळ क्लाउडवर. मुंबईत अ‍ॅमेझॉन आणि गूगल, पुण्यात मायक्रोसॉफ्ट, सगळ्यांची केंद्रं आहेत, त्यामुळे माहिती देशात राहते. कंपनी म्हणून नोंदणी असेल तर ते हवंच: हिशेबाच्या इलेक्ट्रॉनिक वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवण्याची अट आहे आणि ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून तो रोजचा हवा. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायच्या आहेत. म्हणून वर्षअखेरची एक प्रत वेगळी, दीर्घ मुदतीची ठेवा.

माझी नेहमीची मांडणी अशी: आवारात वेगळा बॅकअप सर्व्हर, पण मुख्य सर्व्हरच्या खोलीत नाही, शक्यतो वरच्या मजल्यावर. सड्यावर दुसरा, छोटा. आणि दोन यूएसबी डिस्क, ज्यातली एक कायम काढलेली. काढलेली डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, कारण खारी हवा आणि श्रावणातली ओल कनेक्टरवर हिरवा गंज आणते. पुड्या दर महिन्याला बदला. स्वयंपाकघरातला मसाल्याचा डबा ज्या काळजीने ठेवतो त्याच काळजीने.

बसवताना

बॅकअप सर्व्हरला फार मोठं यंत्र लागत नाही. जुना चार कोअरचा डेस्कटॉप, ३२ जीबी रॅम, दोन मोठ्या डिस्क मिररमध्ये (दोन्हींवर तेच), त्यावर प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर. सॉफ्टवेअर मोफत आहे, पहिली स्थिर आवृत्ती नोव्हेंबर २०२० ला आली. परवडत असेल तर डिस्क एसएसडी घ्या. फरक बॅकअपला फारसा जाणवत नाही, रिस्टोअरला जाणवतो.

हे यंत्र विंडोजच्या डोमेनमध्ये जोडू नका. त्याचा पासवर्ड वेगळा, दोन टप्प्यांची लॉगिन चालू. मुख्य सर्व्हरला बॅकअप टाकण्यापुरतंच खातं द्या, ज्याची भूमिका ‘डेटास्टोअर बॅकअप’ असते. या खात्याला जुने बॅकअप काढता येत नाहीत. मुदत संपलेल्या बॅकअपची छाटणी बॅकअप सर्व्हर स्वतः करतो. एवढं सांगण्याचं कारण रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआयआर्ग्स नावाच्या हल्ल्याने व्हीएमवेअरचे अपडेट न केलेले सर्व्हर जगभर गाठले आणि हायपरव्हायजरवरच्या व्हीएमच्या फाइलीच कुलूपबंद केल्या. अशा वेळी आत बसवलेला अँटिव्हायरस बघत राहतो. चोर घरात शिरला तरी तिजोरीची किल्ली घरात नसावी, एवढाच मुद्दा. सड्यावरचा दुसरा सर्व्हरही म्हणूनच प्रत स्वतः ओढून घेतो. कारखान्यातल्या कुठल्याही यंत्रात त्याचा पासवर्ड नसतो. क्लाउडवर ठेवत असाल तर ऑब्जेक्ट लॉक कम्प्लायन्स मोडमध्ये चालू करा, ठरलेल्या मुदतीपर्यंत ती प्रत मालकालाही पुसता येत नाही. वीम हे बॅकअप सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी त्यातली हार्डन्ड रिपॉझिटरी बघावी, काम तेच. आणि हल्ला झालाच तर सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेला सहा तासांच्या आत कळवण्याचा नियम २०२२ पासून आहे, तो पत्ता कागदावर असू द्या.

प्रत्येक व्हीएममध्ये गेस्ट एजंट (हायपरव्हायजरचा निरोप आत पोचवणारा छोटा प्रोग्रॅम) बसवा आणि सेटिंगमध्ये तो चालू करा. तो नसेल तर बॅकअप म्हणजे अचानक लाईट गेल्यावर डिस्क जशी असते तशी. असेल तर तो आत सांगतो, ‘क्षणभर लिहिणं थांबवा’, विंडोजची व्हीएसएस ही सोय हातातलं लिखाण डिस्कवर उतरवते आणि मग फोटो निघतो. एसक्यूएलसारख्या डेटाबेसला हे पुरतं. टॅलीसारख्या फाइलींवर चालणाऱ्या प्रोग्रॅमचा स्वतःचा बॅकअप संध्याकाळी सगळे बाहेर पडल्यावर वेगळा घ्या, तो त्याच व्हीएमच्या डिस्कवर पडला तरी चालेल, रात्री यंत्राबरोबर उचलला जातो.

ठेवण्याची मुदत: तासाचे २४, रोजचे १४, आठवड्याचे ८, महिन्याचे १२. जागा भरतेय म्हणून हे आकडे कमी करण्याआधी एक गोष्ट तपासा. छाटणी फक्त नोंद काढते. जागा मोकळी होते ती ‘गार्बेज कलेक्शन’ चालल्यावर, आणि तेही गेल्या चोवीस तास पाच मिनिटांत वापरलेल्या तुकड्यांना हात लावत नाही. मी पहिल्यांदा हे न समजता अख्खी दुपार ‘पुसलं तरी जागा का सुटत नाही’ म्हणून डोकं आपटलं आहे.

पडताळणी आठवड्यातून एकदा. ती प्रत्येक तुकडा वाचून बेरीज जुळते का बघते, सडलेली डिस्क आधी कळते.

एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारं रूप, लावाच, कारण यूएसबी डिस्क रिक्षात विसरली जाऊ शकते. पण किल्ली हरवली तर बॅकअप असून नसल्यासारखा. प्रॉक्समॉक्स किल्ली छापायला देतं, क्यूआर कोडसकट. ते दोन कागद काढा, लॅमिनेट करा. एक मालकाच्या बँक लॉकरमध्ये, एक सड्यावर. ईमेलमध्ये ठेवलेली किल्ली त्याच मेल सर्व्हरसाठी लागणार असेल तर काय होईल ते सांगायला नको.

व्हीएमच्या बॅकअपमध्ये जे येत नाही त्याची स्वतंत्र यादी करा: हायपरव्हायजरची स्वतःची सेटिंग, राउटरची फाइल, इंटरनेटचं युजरनेम, स्विचच्या कुठल्या पोर्टवर काय, आणि यूएसबी डोंगल, म्हणजे ज्याच्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही ती परवान्याची खुंटी. वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरचं डोंगल सर्व्हरच्या मागे खोचलेलं असतं. सर्व्हर परत उभा राहतो आणि डोंगल वाशिष्ठीत. दुसरं मागवायला कंपनीला पत्र, शपथपत्र आणि पंधरा दिवस. जादा डोंगल आधीच विकत घ्या.

व्हीएमवेअर ब्रॉडकॉम कंपनीकडे गेल्यावर आणि कायमचे परवाने बंद झाल्यावर पुष्कळ जण प्रॉक्समॉक्सकडे वळले. ते करताना जुने बॅकअप जुन्याच स्वरूपात राहतात हे विसरतात. निदान एक वर्ष ते उघडू शकणारं जुनं सॉफ्टवेअर एका यंत्रावर जिवंत ठेवा.

लाईट आणि वीज

निसर्ग वादळानंतर, जून २०२० मध्ये, दापोली-मंडणगडच्या कितीतरी वाड्यांत आठवडे लाईट नव्हती. तौक्तेनंतर मे २०२१ मध्ये सिंधुदुर्गात तेच. एवढ्या काळाला यूपीएस पुरत नाही आणि पुरवायचाही नाही. यूपीएसचं काम एकच: व्हीएम नीट बंद करायला दहा मिनिटं देणं. त्यासाठी यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडा आणि बॅटरी उतरली की आपोआप बंद होण्याची सोय लावा. बहुतेक ठिकाणी ही केबल खोक्यातच पडलेली सापडते.

आकाशातली वीज मे आणि ऑक्टोबरमध्ये जास्त त्रास देते. ती मेन लाइनशिवाय दोन इमारतींमधल्या तांब्याच्या नेटवर्क केबलवरूनही आत येते. ऑफिस ते शेड जोडणी फायबरची करा, अर्थिंग पावसाळ्याआधी मोजून घ्या. कातळात अर्थिंग नीट मिळत नाही, इलेक्ट्रिशियन ‘चालतंय’ म्हणाला तरी मीटर लावायला सांगा.

आगोटीची तालीम

मृग लागायच्या आधी घरात सुकी मासळी, मसाला, लाकूडफाटा भरतो. त्याच आठवड्यात एक दिवस रिस्टोअरसाठी काढा. मी कारखान्याची सुट्टी बघतो आणि सड्यावरचा सर्व्हर वापरतो, आवारातला मुद्दाम बंद. आवार बुडालं असं धरूनच.

आधी घड्याळ लावा. एक जुना डेस्कटॉप घ्या, ६४ जीबी रॅमचा, ज्यावर प्रॉक्समॉक्स नव्याने बसवायचं आहे. पेन ड्राइव्हवर इन्स्टॉलर आहे का, चालतोय का, हे इथेच कळतं. मग बॅकअप सर्व्हर जोडा, कागदावरून किल्ली भरा. क्यूआर कोड ओलीने फिका झाला असेल तर आजच कळू दे.

व्हीएम उतरवण्याआधी बाहेरच्या जगाशी न जोडलेला वेगळा ब्रिज (व्हीएमना आपसात जोडणारा आभासी स्विच) तयार करा आणि सगळ्यांची नेटवर्क कार्डं त्यावर ठेवा. हे विसरलात तर एकाच आयपीचे दोन सर्व्हर उभे राहतात आणि चालू कारखान्याचे हिशेब जुन्या यंत्रात पडायला लागतात. असं एकदा माझ्या हातून झालं आहे, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, नशिबाने.

यादीतल्या क्रमाने उतरवा. घाई असलेल्या व्हीएमला ‘लाइव्ह रिस्टोअर’ लावा, ती लगेच सुरू होते आणि बाकीची डिस्क मागून येत राहते. साध्या हार्ड डिस्कवर ती रडतखडत चालते, पण काटा-पावती निघते. मात्र रिस्टोअर मध्येच तुटला तर त्या वेळात केलेलं काम जातं, म्हणून यूपीएसवरच.

सुरू झाली म्हणजे झालं असं नाही. लॉगिनचा पडदा बघून मी कधी टिकमार्क करत नाही. हिशेबनीस मावशींना शेजारी बसवतो. त्या टॅली उघडतात, कालचं शेवटचं व्हाउचर सांगतात, पार्टीचं येणं वहीशी जुळवतात. काट्यावरचा मुलगा एक खोटी पावती छापतो. विंडोज परवाना विचारतं का बघा. फाइल सर्व्हरवरून एक जुनी पीडीएफ उघडा. मग घड्याळ थांबवा.

गेल्या वेळी एका फॅक्टरीत मालक म्हणाला होता ‘चार तास’. पहिल्या तालमीला सव्वाअकरा तास लागले. त्यातले तीन तास पासवर्ड शोधण्यात गेले, दोन तास चुकीच्या पेन ड्राइव्हवर. दुसऱ्या वर्षी पाच तास दहा मिनिटं. आता त्यांच्या सर्व्हर खोलीच्या दारावर एक कागद चिकटवला आहे: कोणता व्हीएम कधी, किती वेळात, कोणाच्या हाताने उठला, आणि खाली हिशेबनीस मावशींची सही. त्याची एक प्रत सड्यावरच्या घरात, डिस्कच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांखाली आहे.